‘एक अंशानं काय होतंय?’ असं विचारणाऱ्यांसाठी

पोस्ट लांब आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचले तरी चालेल, पण मग कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.

गेले आठ-दहा दिवस गावातल्या सगळ्या ग्रुपवर एकच तमाशा चाललाय. एकजण मोबाईलवरचा ४४ चा फोटो टाकतो, ‘गडहिंग्लज पेटलं’ म्हणून. लगेच दुसरा येतो, ‘उन्हाळ्यात ऊन पडायचंच, आमच्या लहानपणी पण असंच होतं, तुम्ही ७२ चा दुष्काळ बघितलाय काय?’ मग तिसरा झाडं तोडणाऱ्याला शिव्या घालतो आणि चौथा गुड नाईटचं फूल टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले दोघंही चुकतायत, आणि दोघं मिळून खरा प्रश्न झाकतायत.

मोबाईलवाल्यांचं आधी बघू. तो आकडा गडहिंग्लजात कुणी मोजलेला नसतो. बऱ्याच मोठ्या चौकोनासाठी संगणकानं काढलेला तो अंदाज असतो, आणि कित्येकदा तर ते तापमानही नसतं, दमटपणा धरून ‘किती वाटतंय’ ते असतं. गाडीतला आकडा तर डांबराच्या उष्णतेचा. हवेचं तापमान मोजायचं म्हणजे मोकळ्या जागेत, माणसाच्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजायचं. सगळं जग तसंच मोजतं. त्यामुळं ४४ चे फोटो टाकून आपण फक्त समोरच्याला हसायची संधी देतो.

आता जुन्या मंडळींना, आदर ठेवूनच. ७२ ला पाऊस पडला नाही. ती आठवण तहानेची आहे, थर्मामीटरची नाही. वर्षाची सरासरी माणसाच्या अंगाला कळतच नाही, ती वहीत लिहूनच कळते. पूर आपल्याला का आठवतो? २०१९ ला पाणी कुठंवर आलं, २०२१ ला कुठंवर, भडगावच्या पुलावरून किती दिवस वाहतूक बंद होती, हे पोरंसोरं सांगतील. कारण भिंतीवर खूण राहते. उष्म्याची अशी खूण कुठं राहते?

वहीत लिहिलेलं काय सांगतं ते बघा. भारतीय हवामान विभागाकडं १९०१ पासूनची देशाची सरासरी आहे. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल म्हणतो, १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशानं वाढलं. २०२४ हे १९०१ पासूनचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं, सरासरीपेक्षा ०.६५ अंशानं वर. त्याआधीचा नंबर २०१६ चा, ०.५४ नं. ही सरासरी कुठली, तर १९९१ ते २०२० ची. म्हणजे आधीच तापलेल्या तीस वर्षांवर आणखी ०.६५. दर दहा वर्षांनी सरासरीची तीस वर्षं पुढं सरकतात, जगाची पद्धतच आहे ती. पण त्यामुळं होतं काय, की फूटपट्टीच तापत जाते आणि बातमीतला आकडा दिसायला लहान राहतो.

‘अहो पण पाऊण अंश! सकाळी आणि दुपारी पंधरा अंशांचा फरक असतोय.’ हा प्रश्न मला एका शिक्षकांनीच विचारला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दिवसभरातला चढउतार वेगळा आणि अख्ख्या वर्षाची सरासरी वेगळी. आपण सोळा अक्षांशावर, उष्ण कटिबंधात. युरोपात एक वर्ष कडक थंडीचं, पुढचं मऊ, म्हणून तिथं वार्षिक सरासरी बरीच हलते. आपल्याकडं ती हलतच नाही फारशी, दरवर्षी जवळजवळ तीच. जी गोष्ट सहसा हलत नाही ती पाऊण अंश हलली, तर तो पाऊण अंश मोठा असतो. इथली पिकं, जनावरं, माणसं सगळी त्या अरुंद पट्ट्यात बसलेली आहेत. ताप ९८.६ वरून १०१ वर गेला तर ‘अडीचनंच वाढलाय’ म्हणून आपण घरी बसतो काय?

आणि वाढ दुपारचीच आहे असं समजू नका. २०२४ मध्ये देशाचं रात्रीचं, म्हणजे किमान तापमान सरासरीच्या ०.९० अंशानं वर होतं, दुपारचं कमाल फक्त ०.२० नं. २०२५ चा फेब्रुवारी १९०१ पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी. हे आपल्याला लागतं कुठं? उसाला. ऊस पक्व व्हायला, साखर भरायला थंड कोरड्या रात्री लागतात. कोल्हापूर जिल्ह्याचा उतारा राज्यात वरचा, त्यावर आपण मिरवतो. एफआरपी उताऱ्यावर ठरते, १०.२५ टक्क्यांच्या वर प्रत्येक ०.१ ला जादा पैसे. उतारा फक्त थंडीवर ठरतो असं मी म्हणत नाही. जात आहे, तोडीला लागणारा उशीर आहे, काटामारीची बोंब तर वेगळीच. पण थंडीच्या रात्री मऊ होत चालल्या तर त्याचा हिशेब शेवटी आपल्याच बिलात निघणार. आजरा-चंदगडच्या काजूवाल्यांना मोहोराबद्दल विचारा, नूल-हलकर्णीकडं हरभरा करणाऱ्यांना विचारा.

‘आपल्याकडं तरी बरं आहे, विदर्भासारखं नाही.’ खरं आहे. पण का बरं आहे? भोवती पाणी पाजलेला ऊस आहे. ओल्या रानातून वाफ उडते, दुपार थोडी थंड राहते. देशभर सिंचनानं आणि हवेतल्या धूर-धुळीनं खरी वाढ काही प्रमाणात झाकली आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. पण तीच वाफ हवेत दमटपणा वाढवते, मग घाम वाळत नाही. उसात वाकून भांगलणाऱ्या बाईला ३७ अंश म्हणजे काय, हे पंख्याखाली बसून ठरवू नये.

आता नियम बघा. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० ला पोहोचल्याशिवाय ‘उष्णतेची लाट’ धरतच नाहीत, मग नेहमीपेक्षा कितीही वर असो. आपला एप्रिल ३८-३९ वर घुटमळतो. म्हणजे कागदावर गडहिंग्लजात लाट जवळजवळ येतच नाही. लाट नाही म्हणून इशारा नाही, आणि इशारा नाही म्हणून रोजगार हमीच्या कामाची वेळ बदलत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात १४ माणसं उष्माघातानं गेली. त्या दिवशी तिथं जवळ नोंदलेलं तापमान होतं साधारण ३८. चव्वेचाळीस नव्हतं!

झाडांबद्दल एवढंच. संकेश्वर-बांदा रस्त्याला गेलेल्या झाडांचं मलाही वाईट वाटतं आणि ती परत लावलीच पाहिजेत. सावली गेली की रस्ता तापतो, स्टँडवर उभा असलेला माणूस भाजतो. पण देशाची सव्वाशे वर्षांची सरासरी एका रस्त्याच्या झाडांनी वर गेलेली नाही. ती गेली जगभर जाळलेल्या कोळशा-तेलामुळं. दोन भांडणं वेगळी ठेवा, नाहीतर दोन्ही हराल.

मग आपण करायचं काय? मागायचं. पावसाचे आकडे मंडळवार रोज पेपरात येतात. नेसरीत किती, नूलला किती, आणि दोन्हीत केवढा फरक, हे चहाच्या गाड्यावर पाठ असतं. तापमानाचं तसं काहीच नाही. ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, ती पावसासोबत तापमान, दमटपणा, वारा सगळं मोजतात. त्याच आकड्यांवर फळपीक विम्याचे पैसे ठरतात. म्हणजे आकडा विमा कंपनीला कळतो, पण ज्याचं रान आहे त्याला वर्षाच्या शेवटी एका कागदावर बघायला मिळत नाही. आठ वर्षांवरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही, त्याला तीस लागतात, हे मला माहीत आहे. म्हणून तर आजच सुरू करायचं, आणि मागची तुलना कोल्हापूरच्या वेधशाळेच्या नोंदींशी करायची.

अर्ज लिहून तयार आहे. मागण्या तीन. दर जानेवारीत तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाचं मागच्या वर्षीचं सरासरी कमाल आणि किमान तापमान तहसीलच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. केंद्रं किती दिवस बंद होती, आजूबाजूला शेड-झुडपं झालीत का, तेही त्याच कागदावर असावं. आणि एप्रिल-मेमध्ये ४० ची वाट न बघता, नेहमीपेक्षा किती वर आहे ते बघून मजुरांच्या कामाच्या वेळा ठरवाव्यात. सोमवारी सकाळी अकरा वाजता तहसीलदार कार्यालयात अर्ज देतोय, एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना. ज्यांना सही करायची आहे त्यांनी साडेदहाला या. ४४ वाले आणि ७२ वाले दोघंही चालतील.