गॉगल घ्यायचा, पण कोणता?

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली. हातात रुमालाची पुरचुंडी.

"बाई, गल्ल्यातलं पैसं हाईत. चारशे रुपये. पप्पांस्नी गॉगल घ्यायचाय. रंकाळ्यावरचा गॉगलवाला म्हणतोय, पोलराइज्ड हाय, अडीचशे द्या. घेऊ का?"

तिचे पप्पा रिक्षा चालवतात. पाऊस थांबून ऊन पडलं की ओला रस्ता आरशासारखा चमकतो, समोरचं माणूससुद्धा दिसत नाही, असं ते घरी म्हणाले होते. पोरीनं ते मनात धरलं. आता हिला 'घे' म्हणू की 'नको'? मलाच नीट ठाऊक नव्हतं. म्हटलं, "आज थांब. मी बघून येते."

चारच्या सुमारास रंकाळ्यावर गेले. गॉगलवाल्यानं मला एक करड्या रंगाचं कार्ड दाखवलं. नुसत्या डोळ्यांनी कोरं दिसणारं! गॉगल लावला, तर त्यावर चक्क मासा दिसला. "बघा बाई, ओरिजनल!" तो म्हणाला. मी तोच गॉगल लावून काठाशी उभी राहिले. पाण्यावरची झगझग एकदम विझली आणि पाण्याखालचे दगड दिसायला लागले. मग मान आडवी करून खांद्यावर टाकली, तर झगझग पुन्हा हजर! (आजूबाजूचे लोक बाईंना काय झालं म्हणून बघत होते, ते सोडा.)

ही काय जादू? खिडकीच्या उभ्या गजांतून एक दोरी पलीकडे न्या. दुसरं टोक मित्राच्या हातात द्या. दोरी वरखाली हलवली तर लाट गजांतून पार जाते. डावीउजवीकडे हलवली तर गजांवर आपटून थांबते. प्रकाशाच्या लाटा अशाच सगळ्या दिशांनी थरथरत असतात. पण पाण्यावरून किंवा ओल्या डांबरावरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश मुख्यतः आडवा थरथरतो. पोलराइज्ड काच म्हणजे ते उभे गज. आडवा प्रकाश ती अडवते. याला म्हणतात प्रकाशाचं ध्रुवण.

आपल्या सी. व्ही. रामन यांनी हीच युक्ती बोटीवर वापरली होती, बरं का! १९२१ साली ते इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीनं परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मोठे शास्त्रज्ञ म्हणत. रामन यांच्याजवळ निकोल नावाचा लोलक होता. त्यातून त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि वरचं प्रतिबिंब पुसून टाकलं. तरी समुद्र निळाच! म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात. बोट मुंबई बंदरात आली आणि तिथूनच त्यांनी हे 'नेचर' मासिकाला लिहून पाठवलं. याच वाटेनं पुढे १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चं नोबेल आलं. अशा लोलकाचं काम करणारा स्वस्त, पातळ पडदा एडविन लँड या अमेरिकन तरुणानं केला. १९२९ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, म्हणून आज तो गॉगलमध्ये बसतो.

तर गॉगलवाल्याचं कार्ड खोटं नव्हतं. पण ते अर्धीच गोष्ट सांगत होतं. मासा दिसला म्हणजे काच पोलराइज्ड आहे, एवढंच. उन्हातले अतिनील किरण ती अडवते का, हे कार्डाला काय कळणार? ते काम वेगळं आहे. त्यासाठी काचेवर 'यूव्ही ४००' हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण थोपवणारी. नुसती काळी काच तर साध्या उन्हापेक्षा वाईट. अंधार वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि किरण अडवले नसतील तर ते जास्तच आत शिरतात. चिकटवलेल्या कागदावर विसंबू नका. चष्म्याच्या चांगल्या दुकानात हे तपासायचं यंत्र असतं. आणि ग्रहण तर कुठल्याच गॉगलमधून बघायचं नाही, कितीही महाग असो!

पोलराइज्ड ओळखायला कार्ड नको, आपला कॅलक्युलेटर न्या. गॉगल लावून त्याच्या पडद्याकडे बघत तो गोल फिरवा. एका जागी पडदा काळा पडला, तर गॉगल पोलराइज्ड. पालकांनो, याचा तोटाही असाच आहे. गाडीवरचा काही आकड्यांचा पडदा किंवा मोबाइल अंधूक दिसू शकतो. आणि रात्री गाडी चालवताना गॉगल नकोच.

मग घ्यायचा का? तुम्हां मुलांना शाळेत जायला, क्रिकेट खेळायला पोलराइज्डची गरज नाही असं माझं मत. टोपी घाला, गॉगल हवाच असेल तर यूव्हीचा बघा. पण दिवसभर रस्त्यावर किंवा पाण्यावर काम करणाऱ्याला तो खरंच उपयोगी. रिक्षावाल्याला तर नक्कीच.

दुसऱ्या दिवशी हे सगळं तिला सांगितलं आणि सहज विचारलं, "पप्पांना चष्मा आहे का गं?"

"न्हाई बाई. पण लांबची पाटी मलाच वाचायला सांगत्यात."

मी गप्पच झाले. संध्याकाळी पप्पांना शाळेत बोलावलं. आधी "कशाला बाई, दिसतंय की," म्हणाले. मग लेकीकडं बघितलं आणि तयार झाले. डोळे तपासले, दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. गल्ल्यातले चारशे आणि त्यांचे वरचे थोडे, असा साधा पांढऱ्या काचेचा चष्मा झाला. त्यावर लावायची पोलराइज्ड क्लिप मिळते, ती दुकानदारानं दाखवून ठेवली आहे.

गल्ला पुन्हा सुरू झालाय. काल त्यात नऊ रुपये होते.