सौदा मोडला, तरी बयाणा परत मागायचा

गेल्या वर्षी मे महिन्यात रायपुरात आमच्या घराचा सौदा मोडला. रजिस्ट्री अकरा दिवसांवर आली होती. बँकेने कर्ज मंजूर केलं होतं, २ लाखांचा बयाणा दिलेला होता आणि आईने खिडक्यांची मापं घेऊन पडद्यांचं कापडही आणलं होतं. घरमालकाने स्वतः फोन केला नाही. दलालाचा फोन दादाला आला : "भैया, उनके घर में सहमति नहीं बन रही." बोलणं तिथेच संपलं.

आपल्या समाजात पहिली नोकरी, पहिली पदवी यांचे सत्कार होतात. पहिलं घर घेताना सौदा मोडला तर मात्र कुणी कुणाला सांगत नाही. जो तो आपलीच काहीतरी चूक झाली असं समजून गप्प बसतो. म्हणून हे लिहिते आहे.

आमचे आजोबा गोंदियाकडून रेल्वेत खलाशी म्हणून इकडे आले. बाबा वॅगन रिपेअर शॉपमध्ये फिटर होते. दोन पिढ्या रायपुरात गेल्या, पण छप्पर कायम रेल्वेचं. निवृत्तीनंतर क्वार्टर काही महिनेच ठेवता येतं आणि ते रिकामं केल्याशिवाय ग्रॅच्युइटी हातात येत नाही. म्हणजे घर घ्यायला ग्रॅच्युइटी हवी आणि ग्रॅच्युइटी मिळायला आधी घर हवं. घराची किंमत ३० लाख ठरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एवढ्या कर्जाला बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क, रजिस्ट्रीचा खर्च त्या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे ३ लाख आपले आणि वरचा खर्चही आपलाच. त्यातले २ लाख बयाण्यात गेले. ज्यांच्या घरी आजोबांची जमीन, मामाचा प्लॉट, काकाची ठेव असते, त्यांचा मोडलेला सौदा म्हणजे वाया गेलेला महिना असतो. आमचा मोडला तेव्हा बाबांच्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेली सगळी रक्कम परक्याच्या घरात पडून होती.

आता जातीबद्दल. रायपुरात मराठी असण्याचा एक वेगळाच अनुभव असतो. भोसल्यांच्या राजवटीपासून इथे मराठी माणसं आहेत, तात्यापारा नावाची वस्ती आहे, महाराष्ट्र मंडळ आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. त्यामुळे 'महाराष्ट्रियन' म्हटलं की इथल्या पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आधी ब्राह्मण येतो. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. घरमालकाने पहिल्याच भेटीत विचारलं, "आप लोग मराठी पंडित हैं?" बाबा म्हणाले, "मराठी हैं." ते खोटं बोलले नाहीत, पण पुरतं उत्तरही दिलं नाही. मीही मध्ये बोलले नाही. पुढे कागदपत्रांसाठी घरमालक आमच्या क्वार्टरवर आले. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. त्यांनी चहा घेतला, पेढा घेतला, नमस्कार करून गेले. नऊ दिवसांनी दलालाचा फोन आला.

जातीमुळे मोडला का? मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि मला हे सिद्ध करता येत नाही. ट्रिना विठायाथिल आणि गायत्री सिंग यांनी २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सात महानगरांच्या वॉर्डनिहाय जनगणनेवरून दाखवलं, की आपल्या शहरांत माणसं आर्थिक स्थितीपेक्षा जातीने जास्त वेगळी राहतात. त्याच साप्ताहिकात २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास आला. त्यात सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लीम अशा तिन्ही ओळखींनी घरं मागितली गेली आणि कुणाला काय उत्तर मिळतं ते नोंदवलं गेलं. दलित आणि मुस्लिमांना नकार मिळाले, किंवा मिळालं तिथे जाचक अटींवर. अशा अभ्यासात तुलना करता येते. आमच्या बाबतीत तुलनेला दुसरं कुटुंबच नव्हतं. कुणी जास्त पैसे दिले असतील, भावाभावांत वाद असेल, किंवा भिंतीवरचे फोटो असतील. अभ्यासातून समाजाची रीत कळते, पण एकट्या आमच्या सौद्याचा पुरावा त्यातून मिळत नाही.

कायदा या बाबतीत मुका आहे असं नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत घर बांधणं, घेणं, त्यात राहणं यांना अस्पृश्यतेच्या कारणाने अटकाव करणं हा गुन्हा आहे. कलम १२ तर म्हणतं, की अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य घडलं तर उलट सिद्ध होईपर्यंत ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं न्यायालयाने गृहीत धरावं. पण आधी अटकाव झाला हे दाखवावं लागतं, आणि "सहमति नहीं बन रही" या वाक्यात अटकाव कुठे दिसतो? शिवाय दुसरीकडे वेगळा निकालही उभा आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीत सदस्यत्व फक्त पारशांना, अशी अट होती. एका सदस्याला आपली मालमत्ता बाहेरच्यांना विकायची होती. गुजरात उच्च न्यायालयाने सदस्याच्या बाजूने कौल दिला, पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार देऊन ती अट वैध ठरवली. एका लहान अल्पसंख्य समाजाच्या वसाहतीपुरता तो प्रश्न वाटेल. पण आपल्याच लोकांना घर विकण्याची अट एकदा वैध ठरली, की तिचा सर्वाधिक फायदा कोणत्या जातींच्या सोसायट्यांना होणार, हे सांगायला नको.

फोन आला त्या रात्री बाबा म्हणाले, "जाऊ दे. त्यांच्या दारात पुन्हा जायचं नाही." त्यांचा स्वाभिमान मला कळत होता. पण सकाळी मला दुसरंही कळलं. या प्रकरणात दोन हिशेब आहेत. एक अपमानाचा, जो सिद्ध करता येत नाही. दुसरा पैशाचा, जो कागदावर आहे. आपल्या घरांत हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. अपमान झाला म्हणून आपण पैसे मागायला जात नाही, आणि मग आपले पैसे त्याच घरात राहतात जिथे आपल्याला राहू दिलं नाही. किंवा पैसे अडकलेत म्हणून अपमान गिळतो, हात जोडतो, दलालाच्या मागे फिरतो. दोन्ही हिशेब वेगळे ठेवायला हवेत. पैशाच्या हिशेबात जातीचा शब्दही काढायची गरज नाही, तिथे तारीख, रक्कम आणि सही पुरते.

त्या हिशेबातल्या काही गोष्टी प्रत्येक पदवीधराला माहीत असाव्यात. महाराष्ट्रात ज्याला इसारपावती किंवा साठेखत म्हणतात आणि इकडे इकरारनामा, त्या कागदाने घर आपलं होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ तसं स्पष्ट सांगतं. पण त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराने विनाकारण माघार घेतली नसेल तर त्याने आगाऊ दिलेल्या पैशाचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो. करार पाळण्याचा दावा लावायला, करारात ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांची मुदत असते. तारीख ठरलेली नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. असा दावा लावला तर बयाणा परत मिळण्याची मागणी त्याच दाव्यात लिहावी लागते. मागितलीच नाही तर न्यायालय आपणहून देत नाही.

माघार आपण घेतली तरी सगळं बुडत नाही. १९६३ च्या फतेचंद विरुद्ध बालकिशन दास खटल्यात खरेदीदाराकडूनच करार मोडला होता. त्याने १ हजार बयाणा आणि २४ हजार किमतीपोटी दिले होते. विक्रेत्याला १ हजार ठेवता आले. करारात जप्तीचं कलम आहे एवढ्यावरून २४ हजार गिळता आले नाहीत. म्हणून कागदावर कोणती रक्कम 'बयाणा' आणि कोणती 'किमतीपोटी' हे वेगळं लिहून घ्यावं, आणि बँकेचं कर्ज नामंजूर झालं तर सगळी रक्कम परत, हे वाक्यही घालून घ्यावं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

छत्तीसगडात जमिनीचे सौदे आणखी एका कारणाने मोडतात. भू-राजस्व संहितेच्या कलम १६५(६) प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. दलाल याला अडचण म्हणतात आणि मुखत्यारपत्रावर सौदा उरकायचा सल्ला देतात. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपण हे विसरू नये, की ते कलम आदिवासींच्या रक्षणासाठी आहे. असा सौदा मोडलेलाच बरा. आपलं पहिलं घर दुसऱ्या शोषिताच्या जमिनीवर उभं राहू नये. बयाण्याआधीच 'भुइयां' पोर्टलवर खसरा आणि बी-१ काढून नाव पाहावं.

आमचं काय झालं? मी दीड पानाचं पत्र लिहिलं. इकरारनाम्याची तारीख, बँकेतून गेलेल्या दीड लाखाचा तपशील, आमची रजिस्ट्रीची तयारी, पंधरा दिवसांत पैसे परत करावेत. रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावती जपून ठेवली. पत्रात ना विनंती होती, ना राग. सहा आठवड्यांत दीड लाख आले. उरलेले ५० हजार दलालाच्या सांगण्यावरून रोख दिले होते, पावतीशिवाय. ते आले नाहीत. घरमालक म्हणतात दलालाकडे दिले, दलाल म्हणतो घरमालकाकडे.

त्या ५० हजारांचं ओझं माझ्यावर आहे. इकरारनामा वाचून "ठीक आहे" म्हणणारी घरातली मीच होते. बाबांनी एकदाच विचारलं, "तू वाचलं होतंस ना?" पहिल्या पिढीतल्या पदवीधराला हा प्रश्न नवा नाही. बँकेचा फॉर्म, दवाखान्याचा कागद, कोर्टाचं पत्र, सगळं आपल्यासमोर येतं, जणू पदवीबरोबर हेही शिकवलं होतं. ज्यांच्या घरी वकील, पटवारी, बँक मॅनेजर जेवायला येतात, त्यांना हे पदवी नसतानाही कळतं. आपल्याला ते कळत नाही यात आपला दोष नाही. पण कळल्यावर स्वतःपाशी ठेवलं, तर तो दोष आपला.

म्हणून एक सुचवते. आपल्या विहारांत, जयंती समित्यांत, कर्मचारी संघटनांत महिन्यातली एक संध्याकाळ कागद वाचायला ठेवावी. ज्याला घर घ्यायचंय त्याने करार घेऊन यावं, ज्याचा सौदा मोडलाय त्याने तो कसा मोडला ते सांगावं. एका सौद्यातून काही सिद्ध होत नाही. पण एकाच कॉलनीत, एकाच दलालाकडून चार कुटुंबांना तेच वाक्य ऐकू आलं, तर सिद्ध न होणाऱ्या त्या पहिल्या हिशेबालाही आकार येऊ लागतो.

सध्या आम्ही भाड्याने राहतो. पडद्यांचं कापड ट्रंकेत आहे, मापं निराळी निघाली तर आई जोड देणार आहे. बाबांनी सप्टेंबरपासून पुन्हा घरं पाहायला सुरुवात केली. आता बयाण्याचा विषय निघण्याआधी ते स्वतःच सांगतात, "हम बौद्ध हैं. बाबासाहब के लोग हैं." दादाला हे पटत नाही. तो म्हणतो, विकत घेणाऱ्याने जात का सांगावी? त्याचं चुकत नाही. बाबा म्हणतात, मोडायचंच असेल तर पैसे देण्याआधी मोडू दे. दोन ठिकाणी बोलणं तिथेच थांबलं, एक रुपयाही गेला नाही. तिसऱ्या ठिकाणी बोलणं सुरू आहे.