होतारूला झोपू द्या

परवा शुक्रवारी ऑफिसात जेवताना एका मैत्रिणीने मला 'हिमोनो ओन्ना' म्हटलं. गुन्हा काय, तर शनिवारी सगळे सिंहगडावर चाललेत आणि मी म्हटलं की मी घरी लोळणार. टेबलावरच्या आम्ही सगळ्याच जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवरच्या, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले. राग आला तो रात्री, गाडी पार्क करून जिना चढताना. (माझं हे असंच आहे. राग लोड व्हायला वेळ लागतो.)

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हिमोनो म्हणजे सुकवलेली मासळी, ओन्ना म्हणजे बाई. आपल्या भाषेत सुका बोंबील. हा शब्द घराघरात पोचवला २००७ साली निप्पॉन टीव्हीवर आलेल्या 'होतारू नो हिकारी' या मालिकेने. मूळ कथा सातोरू हिउराच्या मांगाची. नायिका अमेमिया होतारू, हारुका आयासेने झकास रंगवलेली. ऑफिसात टापटीप आणि चुणचुणीत. घरी आली की मळखाऊ ट्रॅकसूट, केसांची डोक्यावर शेंडी, हातात बिअरचा कॅन, आणि मागच्या लाकडी ओसरीवर आडवी. प्रेमबिम नको, झोप हवी. म्हणून ती सुका बोंबील. मालिका गाजली, २०१० मध्ये दुसरा भाग आला, २०१२ मध्ये सिनेमा. आणि शब्द इतका पसरला की पुण्याच्या कँटीनमध्ये माझ्या डोक्यात येऊन आदळला.

आता माझा साधा प्रश्न. त्याच ओसरीवर, त्याच बिअरचा दुसरा कॅन घेऊन कोण बसतं? होतारूचा साहेब, ताकानो. बायकोशी पटत नाही म्हणून घर सोडून आलेला, लग्न मोडायच्या बेतात असलेला चाळिशीचा माणूस. प्रेमाच्या बाबतीत याचा हिशोब होतारूपेक्षा कितीतरी खराब आहे. पण त्याला कुणी सुका बोंबील म्हणत नाही! तो 'दमलेला माणूस'. टाय सैल करून बसलेला पुरुष दिसला की आपण म्हणतो, बिचारा, दिवसभर राबून आलाय. ट्रॅकसूट घालून बसलेली बाई दिसली की म्हणतो, हिचं काहीतरी बिनसलंय. दोघांचं ऑफिस एक, ट्रेन एक, दमणूक एक. निदान मात्र वेगवेगळं.

मला या मालिका आवडतात, हे आधीच कबूल करते. नोकरी करणाऱ्या बाईवर इतक्या सातत्याने, दर तिमाहीला नव्या मालिका काढणारा देश मला दुसरा माहीत नाही. दहा-अकरा भाग आणि संपलं, सासूच्या पुनर्जन्मापर्यंत ताणत नाहीत. कॉपीयरजवळचं राजकारण, कंत्राटी आणि कायम यांच्यातली दरी, क्लायंटपुढे कमरेत वाकून मागितलेली माफी, हे सगळं इतकं बारीक दाखवतात की आपलंच ऑफिस वाटतं. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. आठ भाग रोग अचूक दाखवायचा आणि शेवटच्या दोन भागांत औषध म्हणून नवरा द्यायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमवर लोड जास्त आहे हे लॉगमध्ये स्वच्छ दिसतंय, आणि टीम स्क्रीनचा रंग बदलून बग क्लोज करतेय.

हे काही मी हवेत बोलत नाही. थोडा इतिहास बघा. जपानमध्ये स्त्री-पुरुष समान रोजगार संधीचा कायदा १९८५ साली मंजूर झाला आणि एप्रिल १९८६ पासून लागू झाला. भरती-बढतीत भेदभाव करू नये, यासाठी कंपन्यांनी 'प्रयत्न करावा', इतपतच त्याचा जोर. गंमत म्हणजे त्याच १९८५ साली कंत्राटी कामगार पुरवठ्याचा, ज्याला तिथे 'हाकेन' म्हणतात त्याचा, कायदाही मंजूर झाला. पुढचं दार किलकिलं केलं आणि मागचं सताड उघडलं. आज तिथल्या नोकरदार बायकांपैकी निम्म्याहून अधिक कायम नोकरीत नाहीत, हाकेन, अर्धवेळ वगैरे आहेत. मग १९९७ मध्ये समान संधीचा कायदा सुधारला, भेदभावाला थेट बंदी आली, १९९९ पासून अंमल सुरू. आणि त्याच झटक्यात बायकांच्या ओव्हरटाइमवर आणि रात्रपाळीवर जी जुनी बंधनं होती ती काढून टाकली. म्हणजे समानता आली ती अशी, की आता तुम्हीही पुरुषांइतकंच मरेस्तोवर थांबू शकता. पुरुषांनी सहाला घरी जावं, ही समानता कुणाच्या डोक्यात आली नाही.

याच वळणावर 'हाताराकी मान' येते, तीही २००७ चीच. मोयोको आन्नोच्या मांगावरची. हिरोको मात्सुकाता, अठ्ठावीस वर्षांची मासिकाची संपादक. कामाचा ताण आला की ती अंगातलं 'पुरुषाचं बटण' दाबते आणि तिप्पट वेगाने काम करते, ना झोप ना जेवण. नावातच 'मान' म्हणजे मॅन. मला ही मालिका सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती लपवतच नाही की नोकरीचा साचा पुरुषाच्या मापाने शिवलाय. आत शिरायचं तर तुम्ही अंग चोरा. पुरुष म्हणजे तरी कोण? ज्याच्या घरी जेवण तयार आहे, धुणं वाळलेलं आहे असा माणूस. हिरोकोच्या घरी तसं कोण आहे? कोणी नाही. म्हणून तिचं प्रेम आटतं, आणि दोष जातो तिच्या महत्त्वाकांक्षेला.

याच्या उलटं टोक 'हाकेन नो हिन्काकु', पुन्हा २००७. (त्या वर्षी निप्पॉन टीव्हीच्या पाण्यात काय होतं कोण जाणे.) र्‍योको शिनोहाराची ओमाए हारुको ही कंत्राटी कामगार. घड्याळात सहा वाजले की उठते आणि चालू पडते. ओव्हरटाइम नाही, पार्टी नाही, साहेबाला चहा नाही. टाळ्या! मीही वाजवल्या. पण हे करायला तिला काय काय यावं लागतं? क्रेन चालवता येते, भरसभेत अख्खा ट्यूना कापता येतो, वेळ आली तर बाळंतपणही करता येतं. सर्टिफिकेटांची ही थप्पी. म्हणजे ठरल्या वेळी घरी जायचा अधिकार देवीचा अवतार असलेल्या बाईला. बाकीच्यांनी बसा. त्याच ऑफिसातली नवखी हाकेन पोरगी, जिला एक्सेलसुद्धा धड येत नाही, तिने सहाला उठून दाखवावं. दुसऱ्या दिवशी कंत्राट संपेल.

आता प्रेमाकडे येते, कारण मैत्रिणींचं म्हणणं असं की मी 'रोमान्सच्या विरोधात' आहे. अजिबात नाही. २०२० च्या जानेवारी ते मार्च टीबीएसवर 'कोई वा त्सुझुकु यो दोको मादे मो' आली, आमच्या अर्ध्या टीमने ती डोळ्यांत बदाम आणून पाहिली. शाळकरी वयात एका डॉक्टरला पाहून प्रेमात पडलेली मुलगी पाच वर्षं शिकून नर्स होते आणि त्याच्याच हॉस्पिटलात लागते. डॉक्टर देखणा, आणि महाखडूस. तिला तो 'दगड' म्हणतो, सगळ्यांदेखत झापतो. आतून मात्र हळवा, म्हणे. मी विचारलं, उद्या आपल्या टीम लीडने नव्या मुलीला भर मीटिंगमध्ये दगड म्हटलं तर? "अगं, पण तो ताकेरू सातो आहे!" हे उत्तर. बरं. जपानमध्ये वरिष्ठांच्या छळाविरुद्ध उपाय करणं मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झालं ते जून २०२० पासून. म्हणजे ही मालिका संपली आणि दोनच महिन्यांनी जे वागणं कंपनीने रोखायचं असं कायद्याने ठरलं, ते मार्चपर्यंत प्रेमाचं पहिलं लक्षण होतं. तिची नोकरी, तिचं शिक्षण, तिची चूक, सगळ्याचा निकाल एकाच माणसाच्या कपाळावरच्या आठीवर. याला मी प्रेम म्हणणार नाही, अप्रेझल म्हणेन.

आणि होतारूचं काय होतं? पहिल्या भागात ती एका देखण्या डिझायनरच्या प्रेमात पडते, पण त्याच्याजवळ तिला ट्रॅकसूट घालायची चोरी. ओसरी आठवते. शेवटी ती परत येते, आणि दुसऱ्या भागात लग्न साहेबाशीच. मान्य, ओसरीवरचे ते प्रसंग या सगळ्या मालिकांतले मला सर्वांत प्रिय. जिथे पोट आत ओढावं लागत नाही तिथेच माणूस राहतो, ही गोष्ट फार खरी आहे. पण बघा, लग्नानंतरही ती नवऱ्याला 'बुचो'च म्हणते. बुचो म्हणजे विभागप्रमुख. ऑफिसात बुचो, घरी बुचो, हनिमूनला रोमलाही बुचो. बिचारीची ऑफिसातून सुटकाच झाली नाही. लॉगआउट केलं असं तिला वाटतंय फक्त.

मग खरी प्रेमकथा कुठली म्हणाल तर 'निगेरु वा हाजी दा गा याकु नि तात्सु', ऑक्टोबर २०१६. नायक सिस्टीम इंजिनिअर आहे, म्हणून माझा पक्षपात धरून चाला. नायिका मिकुरी, मास्टर्स झालेली, कायम नोकरी मिळेना म्हणून हाकेन, तिथूनही कमी केलेली. ती हिरामासाच्या घरी पगारी घरकाम करते आणि मग दोघं करार करून 'लग्न' करतात: पगार महिना १ लाख ९४ हजार येन, कामाचे तास ठरलेले. मग अर्थातच प्रेम. इथवर नेहमीचंच. पण दहाव्या भागात त्याची नोकरी जायची वेळ येते आणि तो हिशोब मांडून खरं लग्न करायची मागणी घालतो: लग्न झालं की पगार द्यावा लागणार नाही, तेवढे पैसे शिल्लक पडतील. सगळ्या मालिकांनी ज्या क्षणासाठी आपल्याला दहा आठवडे बसवलेलं असतं, त्या क्षणी ही बाई चिडते. माझं प्रेम आहे म्हणून माझं काम फुकट, याला तिचा ठाम नकार. मी सोफ्यावर उभी राहिले होते.

लक्षात घ्या, त्याच ऑक्टोबरमध्ये जपानच्या बातम्यांत दुसरी एक मुलगी होती. देंत्सु या जाहिरात कंपनीतली, चोवीस वर्षांची, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये तिने जीव दिला, आणि तो अतिकामाने गेलेला बळी असल्याचं कामगार खात्याने मान्य केल्याचं तेव्हा जाहीर झालं. तिला कुणी नवरा शोधून द्यायला हवा होता का? तिला झोप हवी होती.

"अगं, करमणूक आहे ती, एवढं काय?" हे मला किमान चार जणींनी ऐकवलंय. करमणूकच आहे. पण करमणुकीतून आलेला शब्द शुक्रवारी माझ्या ताटापर्यंत पोचला ना? २००८ मध्ये टीबीएसने 'अराऊंड ४०' काढली आणि 'आराफो' हा शब्द त्या वर्षीच्या लोकप्रिय नवशब्दांच्या पुरस्कारात पहिला आला. चाळिशीच्या बायकांची एक बरणी तयार झाली, लेबलासकट. ऐंशीच्या दशकात पंचविशीच्या बायकांना 'ख्रिसमस केक' म्हणत, पंचवीस तारखेनंतर कोण घेतो म्हणून. केक, बोंबील, काहीतरी खायचंच. आणि शिळं व्हायच्या आत कुणीतरी खाल्लं पाहिजे.

अलीकडच्या 'वाताशी, तेइजी दे काएरिमासु' कडून मला फार आशा होती. एप्रिल २०१९. त्याच महिन्यात जपानमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी ओव्हरटाइमची कायदेशीर मर्यादा लागू झाली, महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०. वेब कंपनीतली युई सहाला निघते आणि चिनी खानावळीत स्वस्तातली बिअर गाठते. तिचं पहिलं लग्न मोडलं ते अतिकामापायी: दोन्ही घरच्यांच्या भेटीच्या दिवशी होणारा नवरा दमून कोसळला. बघा, इथे मालिकेने खलनायक बरोबर ओळखला! आता तिचा ताकुमी म्हणून नवा मित्र आहे, वेळेवर घरी येतो, स्वयंपाक करतो, लग्न ठरलंय. आणि शेवट? मॅनेजरने न परवडणाऱ्या भावात घेतलेलं प्रोजेक्ट तडीला न्यायला युईच रात्री जागते, कोसळते, ताकुमीशी ठरलेलं लग्न मोडतं, आणि ती परत त्या जुन्या कामवेड्याकडे. स्वयंपाक करणारा माणूस बाद! का, तर प्रेमात धगधग हवी आणि सहाला घरी येणाऱ्या माणसात ती दिसत नाही. त्या प्रोजेक्टचं एस्टिमेट चुकवणाऱ्या मॅनेजरचा पगार किती कापला, ते काही दाखवलं नाही.

ज्या मैत्रिणीने मला बोंबील म्हटलं, तिला हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर सांगू शकले नाही, कारण दीडला कॉल होता. टोकियोत सकाळचे नऊ म्हणजे इथे साडेपाच. आठवड्यातून तीन दिवस मी पाचला उठते. ती चार दिवस उठते, कारण तिच्याकडे दोन मॉड्यूल आहेत. सिंहगडावर ती गेली, पिठलं-भाकरीचे फोटो पाठवले, आणि परतताना गाडीत झोपली तो फोटो दुसऱ्या कुणीतरी पाठवला. तोंड उघडं, केस विस्कटलेले, कपाळ काचेला टेकलेलं. खाली सगळ्यांचे हसणारे चेहरे.

मी काही टाकलं नाही. सोमवारी तिचा साडेपाचचा कॉल मी घेते म्हणून कळवलंय.