पायाखालचा कॅनव्हास

चित्रकार क्लोद मोनेच्या झिव्हर्नीतल्या बागेत कॅमेरा घेऊन शिरणाऱ्याची पंचाईत अशी, की तिथलं सगळं आधीच चित्र होऊन बसलेलं असतं. तळं मोनेनं खणवून घेतलं, कमळं त्यानंच लावली आणि मरेपर्यंत तीच रंगवली. आज तिथे काढलेला फोटो फार तर त्या चित्रांची पोचपावती ठरतो. हवानात 1948 साली जन्मलेला अमेरिकी छायाचित्रकार आबेलार्दो मोरेल याने या पेचातून वाट काढली ती तंबू ठोकून. तंबूच्या कापडातून उजेड आत येत नाही. माथ्यावर पेरिस्कोपसारखी भिंगाची सोय असते. बाहेरचं दृश्य तिथून आत शिरतं आणि पडदा नसल्यामुळे थेट जमिनीवर पडतं. त्या जमिनीचाच मोरेल वरून डिजिटल कॅमेऱ्याने फोटो घेतो. फोटोत झाडं, पाणी, आभाळ सगळं असतं; फक्त ते खडीवर, मातीवर, वाळक्या काड्यांवर उमटलेलं असतं.

'अगदी मोनेसारखं!' ही या फोटोंना मिळणारी सर्वांत सोपी दाद, आणि माझ्या मते ती मोरेलच्या कामावर अन्याय करते. 1991 पासून तो अंधाऱ्या केलेल्या खोल्यांमध्ये हेच करत आला आहे. खिडकी झाकायची, बारीकसं भोक ठेवायचं, म्हणजे रस्त्यापलीकडची घरं उलटी होऊन बैठकीच्या भिंतीवर उतरतात. फिल्मच्या काळात अशा एकेका फोटोला कित्येक तास लागत. तेव्हाही गंमत नुसत्या दृश्यात नव्हती. पलंग, उशा, भिंतीचे कोपरे त्या दृश्याला आपापल्या घड्या घालत होते. छायाचित्रणाने निसर्गचित्राकडून दूरचा देखावा घेतला आणि पृष्ठभाग मात्र टाकून दिला. गुळगुळीत कागद असा वावरतो, जणू मध्ये काही नाहीच. मोरेल तो टाकलेला पृष्ठभाग परत आणतो. कुणाच्या शैलीची नक्कल करण्यापेक्षा ही गोष्ट फार वेगळी आहे.

याचा पुरावा इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलपाशी सापडतो. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात फ्लॅटफर्डला त्याच्या वडिलांची गिरणी होती. 1821 सालचं त्याचं 'द हे वेन' हे चित्र त्याच परिसरातलं. ओल्या पानांवरची चमक दाखवायला तो पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके टाकायचा आणि समीक्षक त्यांना 'कॉन्स्टेबलचा बर्फ' म्हणून हिणवायचे. त्यांची तक्रार अशी, की डोळा देखाव्यात शिरण्याआधीच रंगावर अडखळतो. मोरेलने कॉन्स्टेबलच्या मुलखातही तंबू लावला आणि तिथेही डोळा अडखळतो, या खेपेला मातीवर. ज्याला दोष म्हटलं गेलं तोच चित्राचा प्राण होता, हे एरवी कलेतिहासाच्या प्राध्यापकाने पानंच्या पानं लिहून पटवलं असतं.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे. 1620 च्या सुमारास इंग्रज राजदूत सर हेन्री वॉटन याला लिंत्समध्ये खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लरकडे एक निसर्गदृश्य पाहायला मिळालं. केप्लरने ते काळ्या तंबूत बसून, भिंगातून कागदावर पडलेलं दृश्य गिरवून केलेलं होतं. तंबू पवनचक्कीसारखा हव्या त्या दिशेला फिरवता येई. वॉटनने तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनला हे कौतुकाने कळवलं आणि वर शेराही मारला: नकाशाच्या कामी हे साधन उत्तम, पण त्यावर निसर्गचित्रं करणं कमी प्रतीचं. आजचा आक्षेपक म्हणेल, फोनमधला फिल्टर हेच क्षणात करतो. फिल्टर मात्र समुद्रावर, लग्नाच्या हॉलवर आणि मांजरावर एकच पोत चढवतो. तंबूत तो पोत त्या जागेचाच असतो. दोन पावलं सरकलं की बदलतो, पाऊस पडून गेला की बदलतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोने 1926 मध्ये गेला, पुढे बागेची दुर्दशा झाली आणि डागडुजीनंतर 1980 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मग ही खडी मोनेच्या पायाखालची कशावरून? नाहीच. 'तेव्हा आणि आता' दाखवणाऱ्या प्रकल्पांपेक्षा मोरेल वेगळा ठरतो तो इथेच. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चित्रकार काका-पुतणे 1786 ते 1793 या काळात कॅमेरा ऑब्स्क्युरा (याच तत्त्वावरचं दृश्य पाडणारं साधन) घेऊन हिंदुस्थानभर फिरले, घारापुरी-कान्हेरीपर्यंत आले. दोनशे वर्षांनी छायाचित्रकार अंतोनियो मार्तिनेल्लीने त्यांचीच दृश्यं नेमक्या त्याच कोनांतून टिपली. काम मोलाचं आहे, पण त्यात जागा म्हणजे साक्षीदार: काय उरलं, काय गेलं, एवढंच तिला विचारायचं. मोरेलच्या फोटोत दूरचा देखावा खुशाल एकोणिसाव्या शतकाचं सोंग घेवो, जमीन आजची राहते. ती लपवलेली नाही, म्हणून मला हा व्यवहार प्रामाणिक वाटतो.

तरीही सगळं सारखंच जमलंय असं नाही. झिव्हर्नीची खडी फारच आज्ञाधारक आहे. ती इतक्या चटकन ठिपके होते, की 'मोनेसारखं' म्हणून पाहणारा मोकळा होतो आणि पुढे जातो. फ्लॅटफर्डची माती तसं करू देत नाही. कॉन्स्टेबलची मालिका मोनेच्या मालिकेपेक्षा सरस, असं माझं मत आहे. ही चित्रं कुठे पाहायला मिळाली तर आधी खालच्या कोपऱ्यातली जमीन पाहा, आभाळ नंतर.