मान डोलावली आणि फसले!

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. शाळेत सगळ्यांत जास्त वेळा बोलला जाणारा शब्द कोणता? नाही सुचत? अहो, "हो!" बाईंनी विचारलं, "कळलं का?" की अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽ!" कळलं तरी हो आणि नाही कळलं तरी हो!

या "हो"ने एकदा माझी चांगलीच फजिती केली. तीही कुठे, तर थेट इटलीत! तीच गोष्ट आज तुम्हांला सांगते.

२०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात गेलो होतो. माझा धाकटा भाऊ तेव्हा तिथे शिकत होता. तिथले लोक आपल्या गावाला ‘फिरेन्झे’ म्हणतात. गावातून आर्नो नदी वाहते. नदीवर एक जुना दगडी पूल आहे आणि पुलावर दोन्ही बाजूंना चक्क सोन्याचांदीची दुकानं! पुलाचं नाव ‘पोन्ते वेक्यो’. म्हणजे काय? म्हणजे ‘जुना पूल’. आहे की नाही आपल्या ‘जुन्या वाड्या’सारखं सरळ नाव?

भावाने बजावलं होतं, "ताई, जिथे दारात उभं राहून गिऱ्हाइकांना हाका मारतात आणि पाटीवर पदार्थांचे फोटो असतात, तिथे नको जाऊस. पूल ओलांड, गल्लीत शिर आणि जिथे गावातली माणसं जेवताना दिसतील, तिथे बस." त्याला कॉलेज होतं. त्यामुळे आई आणि मी दोघीच निघालो.

गल्लीत एक छोटी ‘त्रात्तोरिया’ सापडली. त्रात्तोरिया म्हणजे साधं, बहुधा एखाद्या कुटुंबाने चालवलेलं जेवणघर. आपली खाणावळच म्हणा ना! पण आम्ही पोचलो दुपारी साडेतीनला आणि दार बंद! इटलीत अशा बऱ्याच ठिकाणी दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं, ते पुन्हा संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतं. "ऐन चहाच्या वेळेला यांची चूल थंड!" आई म्हणाली. त्या दिवशी आम्ही पिशवीतल्या चकल्यांवर भागवलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला हजर झालो. आत सात-आठ टेबलं. शेजारच्या टेबलावर रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतले दोन रंगारी जेवत होते. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने पदार्थ लिहिलेले. फळा-खडू दिसल्यावर मला कसं घरच्यासारखं वाटलं! पण वाचायला गेले तर एक अक्षर कळेना. म्हणजे अक्षरं कळत होती, शब्द कळत नव्हते.

तिथे आपल्यासारखं एका ताटात सगळं वाढून येत नाही. आधी थोडं तोंडात टाकायला म्हणून ‘आंतीपास्तो’. मग पास्ता, भात किंवा सूप, त्याला म्हणतात ‘प्रीमो’, म्हणजे पहिलं. मग ‘सेकोंदो’, म्हणजे दुसरं. त्यात बहुतेक मांस किंवा मासे. भाजी हवी तर ती वेगळी मागवायची. सगळंच घ्यायला हवं असं काही नाही. एकच पदार्थ मागवला तरी चालतं.

वाढणारे काका आले. ते इटालियनमध्ये भराभर काहीतरी बोलले. मी हसून म्हटलं, "सी, सी!" इटालियनमध्ये ‘सी’ म्हणजे हो. काकांनी पाण्याची बाटली आणली. घोट घेतला आणि आईने डोळेच मिटले. सोडा! त्यांनी विचारलं होतं ‘फ्रिझ्झान्ते’, म्हणजे बुडबुड्यांचं पाणी हवं का? आणि मी खुशाल मान डोलावली होती. साध्या पाण्याला तिथे ‘नातुराले’ म्हणतात.

इथे तरी मी शहाणं व्हायला हवं होतं की नाही? पण नाही! काकांनी आणखी एक लांबलचक प्रश्न विचारला. शेजारचे रंगारी आमच्याकडे बघत होते. आपल्याला काही कळत नाही हे चारचौघांत दाखवायचं कसं? मी पुन्हा म्हटलं, "सी, सी!"

थोड्या वेळाने बशी आली. त्यात भाजलेल्या पावाचे तुकडे आणि त्यांवर तपकिरी रंगाचं काहीतरी जाडसर थापलेलं. "चिंच-खजुराची चटणी दिसतेय," म्हणत आईने तुकडा उचलला. आम्ही दोघी पक्क्या शाकाहारी. आईने तर उभ्या आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. तिचा हात तोंडाजवळ गेला आणि माझ्या पोटात धस्स झालं. कारण मला माहीत नव्हतं ते काय आहे! "आई, थांब!" मी ओरडलेच.

काकांना बोलावून मी बशीकडे बोट दाखवलं. त्यांनी दोन्ही हात काखेत घातले, कोपरं पंखांसारखी हलवली आणि म्हणाले, "को-को-को!" रंगारी खो खो हसू लागले. मुलांनो, ती चटणी म्हणजे कोंबडीची कलेजी होती! तिकडचा अगदी आवडीचा पदार्थ, ‘क्रोस्तीनी’. पदार्थात काही खोट नव्हती. खोट होती माझ्या "सी, सी"मध्ये.

भावाने मला दोन शब्द पाठ करून दिले होते, ‘सेन्झा कार्ने’. म्हणजे मांसाशिवाय. पण ऐन वेळी काही आठवेल तर शपथ! परीक्षेत तुमचं होतं ना, अगदी तस्सं. मग मी काय केलं? वही काढली. प्राथमिक शाळेच्या बाईंना आणखी काही येवो न येवो, चित्र काढता येतंच! मी एक गाय काढली, एक कोंबडी, एक डुक्कर आणि एक मासा. आणि चारही चित्रांवर मोठ्ठी फुली मारली.

काकांनी वही बघितली आणि ती घेऊन थेट स्वयंपाकघरात पळाले. आतून हसण्याचा आवाज आला. मग पांढऱ्या केसांच्या एक आजी बाहेर आल्या. एका हातात गडद हिरव्या, लांब पानांची जुडी, दुसऱ्या हातात उकडलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची वाटी आणि काखेत कालचा शिळा पाव! एकेक वस्तू त्यांनी आम्हांला दाखवली, वास घ्यायला दिली, माझ्या वहीतल्या फुल्यांवर बोट ठेवून "नो, नो" म्हणाल्या. काही मिनिटांतच दोन वाडगे आले. वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार.

या पदार्थाचं नाव ‘रिबोल्लिता’. अर्थ ऐका हं. ‘पुन्हा उकळलेलं’. आदल्या दिवशीचं भाजीचं सूप आणि शिळा पाव एकत्र करून पुन्हा उकळायचं. गरिबांच्या घरात काही वाया जाऊ नये म्हणून निघालेली ही युक्ती. आईने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर त्यांची फोडणीची पोळी!" खरंच की! शिळ्या पोळीचा कुस्करा करणारी आपली आजी आणि शिळ्या पावाची रिबोल्लिता करणारी ही आजी, दोघींचा हिशेब एकच.

बरोबर ताजा पावही होता, पण अगदी अळणी. माझा चेहरा बघून काका पुन्हा काहीतरी म्हणाले. या वेळी मात्र मी "सी, सी" म्हटलं नाही. खांदे उडवले आणि वही पुढे केली. त्यांनी मिठाच्या बाटलीचं चित्र काढलं आणि त्यावर फुली मारली! या भागात, म्हणजे तोस्कानात, पाव बिनमिठाचाच करतात. तिथलं बरंचसं चीज आणि मांस खारट असतं, त्यांच्याबरोबर असा पाव छान लागतो.

शेवटी बिल आलं. त्यात आम्ही न मागितलेली एक ओळ, ‘कोपेर्तो’. माणशी २ युरो, म्हणजे त्या वेळचे साधारण १८० रुपये. आईने माझा हात दाबला, "फसवलं गं आपल्याला!" तोंड पाडून पैसे देणं सोपं होतं. पण मी बोट ठेवून विचारलं. काकांनी टेबलावरचं कापड, काटे-चमचे आणि पावाची टोपली दाखवली. टेबल मांडण्याचे हे पैसे इटलीत पुष्कळ ठिकाणी घेतात. मग त्यांनी फळ्याची खालची ओळ दाखवली. तिथे ते खडूने स्वच्छ लिहिलेलं होतं. फसवलं नव्हतं हो, आम्हीच वाचलं नव्हतं! क्रोस्तीनीचे पैसेही बिलात होते. ते योग्यच होतं, कारण "हो" मीच म्हटलं होतं.

संध्याकाळी भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुला सगळ्यांत महत्त्वाचे शब्द शिकवायचे राहूनच गेले. नॉन कापीस्को." त्याचा अर्थ, ‘मला कळत नाही.’

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती. पण सुट्टी संपवून मी शाळेत परत आले. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील बांधकामाच्या कामासाठी आमच्या गावात आलेले. घरी तेलुगू बोलायचे. कधीही विचारा, "कळलं का गं?" ती गोड हसायची आणि म्हणायची, "हो, बाई." आणि गणितं मात्र सगळी चुकायची. मला वाटायचं, हिचं लक्षच नसतं. एकदा-दोनदा रागावलेही होते.

त्या दिवशी तिने पुन्हा तसंच हसून "हो, बाई" म्हटलं आणि मला माझी "सी, सी" आठवली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "काय कळलं ते मला चित्र काढून दाखव." तिने बेरीज मांडली. आणि जिथे हातचा लिहायचा, तिथे काय काढलं सांगू? पाच बोटांचा एक छोटासा हात!

बिचारी दर वेळी मनापासून ऐकत होती. मी ‘हातचा’ म्हणत होते आणि तिला त्यातला फक्त ‘हात’ कळत होता. मग आम्ही काड्या घेतल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि एक जुडी उचलून शेजारच्या घरात ठेवली. आठवड्याभरात तिचा हातचा बरोबर जागेवर बसू लागला. तेव्हापासून मी वर्गात "कळलं का?" असं विचारत नाही. "काय कळलं?" असं विचारते.

म्हणून या आठवड्यात तुम्हांला एकच काम. एकदा तरी, जिथे नुसती मान डोलावणार होतात तिथे, धीर करून म्हणा, "मला नाही कळलं." वर्गात म्हणा, घरी म्हणा, दुकानात म्हणा. आणि आईबाबांनो, मूल असं म्हणालं तर कृपा करून "एवढंही कळत नाही?" असं म्हणू नका हं. हातातलं काम बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या.

काय मग, कळलं का? अरेच्चा, चुकले! काय कळलं, ते मला पत्राने कळवा. चित्र काढलंत तरी चालेल!

तुमच्या लाडक्या
बाई