करवतीचा पन्हा पाहा, मगच पैसे मोजा

माझा धंदा कापडाचा. लाकडाशी माझा संबंध दुकानातल्या फळ्यांपुरता. तरीही आज करवतीवर लिहायला बसलो आहे, कारण घरातल्या एका खोलीत कारखाना थाटणारी आपली मुले व्यापारी माणूस म्हणून मला विचारू लागली आहेत की सरकती मायटर करवत कोणती घ्यावी. माझ्या सख्ख्या भाच्याने मात्र आधी घेतली आणि मामूला नंतर सांगितले.

भाचा फोटोच्या चौकटी, तुगऱ्यांच्या फ्रेमा आणि सागवानी रेहल बनवतो. शहरातल्या एका दुकानदाराने त्याच्या गळ्यात १२ इंची पात्याची, मागेपुढे सरकणारी, दोन्ही बाजूंना कलणारी करवत मारली. "उद्या मोठे काम आले तर?" एवढेच त्याने विचारले आणि दोन वर्षांची बचत गेली. करवत घरी आल्यावर कळले की तिच्या सरकत्या दांड्या मागच्या भिंतीला आदळतात. पुढे ओढून ठेवली तर आठ फुटांच्या खोलीत माणसाला उभे राहायला जागा उरेना. आणि कापायचे काय, तर दोन इंची पट्टी!

कापडात आम्ही आधी पन्हा पाहतो. ३६ इंच पन्ह्यात कुडत्याला किती कापड लागेल आणि ५८ इंचांत किती, हे ठरल्यावरच कात्री चालते. करवतीलाही पन्हा असतो. एका झटक्यात किती रुंद फळी कापली जाते, तो तिचा पन्हा. न सरकणाऱ्या १० इंची करवतीचा पन्हा साधारण १३० मिलिमीटर असतो आणि ४५ अंशांवर तो ९० च्या आसपास येतो. दरवाजाच्या चौकटीचे ५ बाय अडीच इंची लाकूड म्हणजे १२७ बाय ६३ मिलिमीटर. तेही सरळ कापात त्यात बसते. मग फ्रेमवाल्याने सरकत्या दांड्यांचे पैसे का द्यावेत?

सरकती करवत लागते ती फळ्या-फडताळे करणाऱ्याला. त्यालाही १२ इंची पात्याची गरज क्वचितच पडते. २१६ मिलिमीटर पात्याची छोटी सरकती करवत साधारण ३०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ फूटभर रुंद फळी कापते. तिची जाडीची मर्यादा ६५ ते ७० मिलिमीटर असते आणि ती एकट्या माणसाला उचलता येते. शिवाय मोठे पाते महाग, धार लावणे महाग, आणि ते थरथरतेही जास्त. ज्याचे सगळे काम ८ बाय ४ च्या प्लायवूडवर चालते, त्याने तर ही करवत घेऊच नये. तो शीट तिच्यावर फाडता येत नाही, त्याला टेबल करवत हवी.

दुकानात वॅटचे आकडे ऐकत बसू नका. आपली एक सरळ पट्टी सोबत न्या. काटकोनात कापून घ्या, एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवा. मध्ये फट दिसली तर करवत गुण्यात नाही, आणि दिसते ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. फ्रेमला आठ काप लागतात. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक म्हणजे शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट, आणि ती लांबीने भरून गिऱ्हाईक फसत नाही. सरकती घेत असाल तर डोके पूर्ण पुढे ओढून आडवे हलवून पाहा. तिथे हालले तर कापही हालणार. दांड्या मागे किती बाहेर येतात, तेही टेपने मोजा. काही नव्या करवतींत त्या मागे येतच नाहीत, म्हणून त्या भिंतीला लावून ठेवता येतात, पण किंमत चढते.

आखातातून कोणी आणून देत असेल तर त्यावरची पट्टी वाचा. दुबईची २२० ते २४० व्होल्टची करवत इथे चालेल, अमेरिकेची १२० व्होल्टची ट्रान्सफॉर्मरशिवाय जळेल. पात्याचे भोकही वेगळे असते : कुठे ३० मिलिमीटर, कुठे २५.४, अमेरिकेत पाच-अष्टमांश इंच. जुनी हिताची मिळाली तर सुटे भाग विचारताना हायकोकी म्हणा. २०१८ पासून ते नाव बदलले आहे.

पाते करवतीइतकेच पारखून घ्या. फ्रेमच्या कामाला १० इंची पात्याला ६० ते ८० दाते हवेत, आणि दात्यांचा कल कमी किंवा उलटा असावा. लांबीने फाडायचे पाते यावर लावले की ते लाकूड ओढून घेते. आपल्याकडे कारागीर फरशीच्या कटरला लाकडाचे पाते लावून, झाकण काढून काम करतात. तीच सवय इथे आणू नका. सरकत्या करवतीत डोके आधी पुढे ओढायचे, मग खाली दाबायचे आणि मागे ढकलत कापायचे. फिरते पाते लाकडात रुतलेले असताना स्वतःकडे ओढले तर ते लाकडावर चढून अंगावर येते. रेहलचे छोटे तुकडे हातात धरू नका, शिकंजा लावा. कुडत्याच्या सैल बाह्याही दुमडून घ्या.

राहिला हिशेब. जीएसटी नोंदणी असेल तर पक्के बिल घ्या, भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशनवाल्याला ती मिळत नाही. सुतारकाम २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ धंद्यांत येते, आणि तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे.

भाच्याने ती करवत निम्म्या किमतीत विकली आणि १० इंची साधी घेतली. भुशाची पिशवी मात्र हिचीही निकामीच. अर्धा भुसा हवेत राहतो. लाकडाची धूळ कर्करोग करते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे, आणि माझी बहीण त्याच घरात रोटी भाजते. मी दुकानातून जाड कापडाचा तीन मीटर तुकडा पाठवला. तिने त्याचा तंबूसारखा आडोसा शिवून करवतीच्या मागे टांगला आहे. संध्याकाळी भाचा तोंडाला मास्क लावून तो अंगणात नेऊन झटकतो.