काटा अडला, म्हणून पट्टा आवळू नका

गॅस्ट्रिक बँड बसवल्यानंतर सुरुवातीचे काही महिने वजन उतरत राहतं आणि मग काटा हलेनासा होतो. आठवडे जातात, महिने जातात, आकडा तोच. अशा वेळी रुग्णाला बहुधा दोन गोष्टी ऐकायला मिळतात. घरचे म्हणतात, ‘तोंडावर ताबा नाही, दुसरं काय!’ दवाखान्यात म्हणतात, ‘या, थोडा घट्ट करून देऊ.’ या दोन्ही उत्तरांत एकच चूक आहे. वजन का थांबलं हे न पाहताच त्यावरचा उपाय ठरवून टाकलेला असतो. वजन अडणं हे आधी तपासणीचं कारण आहे, आणि ती तपासणी वर्षानुवर्षं मिळत राहणं हा या शस्त्रक्रियेचाच भाग मानला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हा पट्टा नेमकं करतो काय, तिथून सुरुवात करू. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा एक पट्टा बसवतात आणि त्याच्या वर जेमतेम दोन-तीन चमचे अन्न मावेल एवढी पिशवी तयार होते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो आणि तो एका बारीक नळीने पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेला असतो. दुर्बिणीतून हा पट्टा बसवण्याची सुरुवात १९९३ मध्ये बेल्जियमचे शल्यविशारद मितिकू बेलाशू यांनी केली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. पट्टा घट्ट करायचा म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया नसते. रुग्णाला आडवं झोपवून डॉक्टर बोटांनी पोर्ट चाचपतात, खास सुई टोचून थोडं सलाईन आत सोडतात आणि मग उठवून पेलाभर पाणी प्यायला देतात. पाणी सहज उतरलं की झालं. इतकी सोपी कृती असल्यामुळेच ती वारंवार आणि पुरेसा विचार न करता होण्याचा धोका असतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले पॉल ओब्रायन आणि त्यांचे सहकारी सांगत आले, की पट्ट्याचं काम अन्न अडवून धरण्याचं नाही. नीट चावलेला छोटा घास पट्ट्यातून सरकताना तिथल्या मज्जातंतूंवर हलका दाब येतो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे जातो. म्हणजे योग्य घट्टपणाची एक मर्यादा आहे. पट्टा तिच्या अलीकडे राहिला तर भूक भागत नाही, पलीकडे गेला तर अन्नच उतरत नाही.

आता वजन का थांबतं ते पाहू. पहिलं कारण शरीराचं स्वतःचं आहे आणि ते प्रत्येकालाच लागू होतं. एकशे वीस किलोचं शरीर शंभर किलोवर आलं की त्याला चालायला, जिने चढायला, नुसतं बसायलासुद्धा कमी ऊर्जा लागते. शिवाय निव्वळ वजनाच्या हिशेबाने जेवढी कमी लागायला हवी त्याहूनही कमी लागते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे मोजून दाखवलं. मेलबर्नमधल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं, की आहार कमी करून वजन उतरवल्यानंतर वर्षभराने सुद्धा भूक वाढवणारी संप्रेरकं चढीच होती आणि लोकांना भूक खरोखरच जास्त लागत होती. शस्त्रक्रियेनंतरचं चित्रही वेगळं नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात पट्टा बसवलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी २० टक्क्यांपर्यंत उतरलं आणि दहा वर्षांनी ही घट १४ टक्क्यांवर स्थिरावली. गॅस्ट्रिक बायपासची शस्त्रक्रिया केलेल्यांतही ती ३२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. म्हणजे उतार थांबणं आणि थोडं वजन परत येणं हा या प्रवासाचा नेहमीचा टप्पा आहे. तो आधी सांगून ठेवला नाही, तर रुग्ण त्याला स्वतःचा पराभव समजतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी दवाखान्यात जाणं बंद करतो.

दुसरी कारणं पट्ट्याची आहेत, आणि ‘थोडा घट्ट करू’ हा सल्ला तिथेच अंगाशी येतो. पट्टा सैल असेल तर दोन जेवणांच्या मध्येच भूक लागते, जेवणाचं प्रमाण वाढतं. तिथे सलाईन वाढवणं बरोबर आहे. पण पट्टा आधीच जास्त घट्ट असेल तर काय होतं? भाकरीचा तुकडा, मोकळा न झालेला भात, चिकनची फोड छातीत अडकते, तोंडाला लाळ सुटते आणि खाल्लेलं बाहेर येतं. दोन-चार वेळा असं झालं की माणूस आपोआप वळतो ते विनासायास उतरणाऱ्या पदार्थांकडे. आइस्क्रीम, बासुंदी, मऊ शिरा, गोड चहात बुडवलेलं बिस्किट आणि तोंडात विरघळणारी शेव. हे पदार्थ पट्ट्यातून भराभर निघून जातात, तृप्तीचा निरोप देत नाहीत, उष्मांक मात्र भरपूर देतात. ताटात उसळ आणि भाकरी उरते, वजन तसंच राहतं, आणि पट्टा आणखी आवळला तर ही सवय अधिकच पक्की होते. अशा रुग्णाला मदत करायची तर सलाईन थोडं काढावं लागतं. घट्टपणा कमी केल्यावर घन अन्न पुन्हा खाता येऊ लागतं. तिसरी शक्यता यंत्रणेतल्या बिघाडाची. पोर्ट किंवा नळी गळू लागली तर पूर्वी भागणारी भूक एकाएकी परत येते. पट्टा जागेवरून सरकला किंवा वरची पिशवी फुगली तर रात्री घशाशी येतं, खोकला सुरू होतो. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण तपासणीत यातलं बरंच दिसतं. घोटभर पाणीही उतरेनासं झालं किंवा पोटात असह्य दुखू लागलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं.

यावर पहिला आक्षेप येईल तो शिस्तीचा. खाण्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी अखेर रुग्णाचीच नाही का? आहे, आणि ती कमी लेखण्याचं कारण नाही. छोट्या वाटीएवढं जेवण, प्रत्येक घास सावकाश चावणं, दोन घासांत थोडं थांबणं, जेवणात आधी डाळ, उसळ, अंडं, मासे किंवा पनीर, गोड पेयांना पूर्ण फाटा, आणि स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा वजनांचा व्यायाम, हे सगळं रुग्णानेच करायचं आहे. पण माहितीशिवाय शिस्त कशी पाळायची? ज्याला भाकरी गिळताच येत नाही त्याला ‘पौष्टिक खा’ सांगून काही साधत नाही. ज्याची नळी गळते आहे त्याला ‘मन घट्ट करा’ म्हणणं तर अन्यायाचं आहे. कारण शोधल्यानंतर रुग्णाची मेहनत कामी येते. त्याआधी तिची मागणी करणं म्हणजे दोष वाटून देणं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा पट्टाच आता मागे पडला, मग त्याची एवढी देखभाल कशाला? काढून टाका आणि स्लीव्ह किंवा बायपास यांपैकी लठ्ठपणाची दुसरी शस्त्रक्रिया करा. पट्टा मागे पडला हे खरं आहे. अमेरिकेत २०११ साली लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक पट्ट्याच्या होत्या. आता त्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहेत. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतल्या रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी साडेचार वर्षांत १८.५ टक्के रुग्णांना पट्ट्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. आपल्याकडेही आज स्लीव्ह आणि बायपासच प्रामुख्याने होतात. म्हणून पट्टा काढून दुसरी शस्त्रक्रिया करणं हा काहींसाठी योग्य निर्णय ठरतो. पण पट्ट्याभोवती तयार झालेल्या घट्ट ऊतींमुळे दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, आणि ज्याचं वजन अतिघट्ट पट्ट्यामुळे थांबलं आहे त्याचा प्रश्न कदाचित सुई टोचून सुटणारा असतो. शिवाय पट्टा मागे पडण्यात अपुऱ्या पाठपुराव्याचाही वाटा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षी सहापेक्षा जास्त वेळा तपासणीला आलेल्या पट्टाधारकांचं जादा वजन सरासरी ५० टक्के उतरलं, कमी वेळा आलेल्यांचं ४२ टक्के. नेमाने येणारे रुग्ण मुळातच अधिक जागरूक असतील, हे मान्य. तरीही ज्या उपकरणाचं काम सतत जुळवून घेण्यावर चालतं, ते जुळवणाऱ्या हातांविना कमी पडणार हे उघड आहे.

तिसरं म्हणणं नव्या औषधांचं. मौंजारो आणि वेगोव्ही ही साप्ताहिक इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. पट्ट्याने अडलेलं वजन आता औषधाने उतरवता येईल, ही आशा निराधार नाही आणि डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोलावं. पण वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला, असं या औषधाच्याच चाचणीतल्या रुग्णांवर दिसून आलं आहे. औषधावरही वजन एका टप्प्यावर थांबतं. उपाय बदलला तरी शरीर तेच राहतं, आणि दीर्घकाळ लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांची व आहारतज्ज्ञांची गरजही तशीच राहते. अतिघट्ट पट्ट्यामुळे उलट्या होणाऱ्या रुग्णाला मळमळ वाढवणारं औषध तपासणीशिवाय देणं तर धोक्याचं आहे.

राहता राहिला खर्च. दर तीन-चार महिन्यांनी शहरात येणं, तपासणीची फी आणि बुडालेली मजुरी किंवा रजा हे ओझं खरंच मोठं आहे, गावाकडून मुंबई-पुण्याला येणाऱ्यांना तर जास्तच. म्हणूनच ते रुग्णाच्या एकट्याच्या खिशावर सोडता येणार नाही. शस्त्रक्रियेच्या पॅकेजची किंमत सांगताना किमान पाच वर्षांच्या तपासण्या, पट्टा सैल-घट्ट करणं आणि आहारतज्ज्ञाची भेट त्यातच धरलेली असावी आणि ते लेखी मिळावं. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरावीक निकषांवर लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मान्य करण्याची वाट मोकळी केली. शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावाही त्याच संरक्षणात यायला हवा. प्रत्येक रुग्णाच्या हाती एक कार्ड असावं, ज्यावर पट्ट्याची कंपनी, आकार, बसवल्याची तारीख आणि आत किती मिलिलिटर सलाईन आहे हे लिहिलेलं असेल, म्हणजे गाव किंवा डॉक्टर बदलले तरी तपासणी शून्यातून सुरू होणार नाही. ज्यांचा काटा आज अडला आहे त्यांनी हे कार्ड मागून घ्यावं, आठवडाभर काय खाल्लं, काय उतरलं आणि काय अडकलं ते लिहून काढावं आणि तो कागद घेऊन डॉक्टरांना थेट विचारावं: माझा पट्टा सैल आहे, घट्ट आहे की बिघडला आहे? सुई हातात घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर देणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे.